चौदा किलोमीटर

कलकत्ता, रविवार, २१ जानेवारी १९७३

काल सुमीचं पत्र आलं. तिची आई शालिनी गेल्यापासून पोर पुण्याला माझ्या बहिणीकडे असते. शाळेत क्षितिजाचं अंतर काढायला शिकवलंय म्हणे. 'बाबा, तुमच्या गच्चीवरून किती लांबचं दिसतं?'

आज संध्याकाळी सुतळीला दगड बांधून गच्चीची उंची मोजली. सोळा मीटर. घरमालक घोषबाबू वर आले नि हसले, "चुलींच्या या धुरात हावड्याचा पूल दिसत नाही, तुम्ही क्षितिज कसलं शोधताय?" खरंच आहे. तरी गणित केलं. सोळाचं वर्गमूळ चार, त्याची साधारण साडेतीन पट. चौदा किलोमीटर. एवढंच?

मग पत्रातली शेवटची ओळ पुन्हा वाचली. 'मी दिसायला किती उंच चढावं लागेल?' तेही काढलं. दोनशे किलोमीटर उंच. हे तिला कसं कळवू? एकट्याने पोरीला सांभाळणं जमणार नाही, असं मीच तर बहिणीला सांगितलं होतं.

शेवटी कार्डावर लिहिलं, 'चौदा किलोमीटर. परीक्षा झाली की तुला इकडे न्यायला येतो.' जमेल का मला? कोण जाणे. विचार बदलायच्या आत चपला घालून खाली उतरलो आणि कार्ड पेटीत टाकून आलो.