सात विरुद्ध सात, आणि ताई

प्रिय ठोंब्या,

मुख्यमंत्र्याला अशी हाक मारलेली तुझ्या सचिवाला खपणार नाही, म्हणून पाकिटावर ठळक 'खासगी' लिहिलंय. अर्थात तुझा सचिव म्हणजे माझ्या जावेचा मुलगा, तो पाकीट उजेडात धरून बघणारच. बघू दे. पण समोरासमोर बोलायचं तरी कुठे? माझ्या कचेरीत लाकडी फळीपलीकडे टपालखातं कान टवकारून बसलेलं असतं. आणि आईसमोर सरकारचा विषय काढायचा नाही, हा तिचा नियम आपण अजून पाळतो.

आई छान आहे. काल काठी विसरून फाटकापर्यंत गेली आणि आठवल्यावर उगाच लंगडत परत आली. तुझ्या बायकोने पाठवलेली शाल अंगावरून काढत नाही.

तू बेटाबाहेरून आणलेला तो सल्लागार गेल्यापासून मी एकटीच हसते. त्याने पोलीसप्रमुख, अग्निशमनप्रमुख आणि निबंधक यांच्या वेगवेगळ्या भेटी मागितल्या, आणि तिन्ही वेळा टोपी बदलून आपला मामेभाऊच आत आला. तिसऱ्या भेटीत बिचारा सल्लागार म्हणाला, तुमच्याकडचे अधिकारी दिसायला फार सारखे आहेत! पण जाताना तो तुझ्या हाती विधेयक ठेवून गेला: एका कुटुंबातल्या दोघांनी सरकारी पदावर राहायचं नाही.

तू ते का उचललंस, हे मला ठाऊक आहे. पाणी तपासणाऱ्याने स्वतःच्या सासऱ्याच्या पंपाचं पाणी खराब असल्याचा अहवाल लिहिला नाही, आणि खालच्या आळीतली मुलं आजारी पडली. तू दवाखान्यात खाटांमधून फिरत होतास, तेव्हा मी दारात उभी होते. तुझा संताप मला पटला, आजही पटतो. त्या सासऱ्याशी माझंही नातं आहे, तरी त्याला रस्त्यात गाठून मी चार शब्द सुनावले.

पण आईचं खुब्याचं ऑपरेशन आठव. समुद्र खवळलेला, बोट बंद. आपला एकुलता एक सर्जन हात धुऊन तयार, आणि भूल द्यायला त्याची बायको. तुझा कायदा तेव्हा असता तर दोघांपैकी एकाला घरी बसावं लागलं असतं, आणि आई आज फाटकापर्यंत गेली नसती. मोठ्या देशात एक उठला की दुसरा बसतो. आपल्याकडे एक उठला की खुर्ची रिकामी राहते. नाती तोडून राज्य चालवण्याइतकी माणसं आपल्याकडे नाहीत रे. नात्यातला विषय आला की त्या माणसाने त्यातून बाजूला व्हावं, एवढा कायदा कर. पाणी तपासायला दरवर्षी परका माणूस आण, त्याला धक्क्यावर घ्यायला मी स्वतः जाईन. यावर तू रागावशील. लहानपणी रागावलास की जेवायचा नाहीस, तसं या वयात करू नकोस, पित्त होतं तुला.

आता मुद्द्याचं. परवा मतदान आहे आणि सात विरुद्ध सात होणार हे शेंबडं पोरही सांगेल. मग सभापती म्हणून निर्णायक मत माझं, आणि ते मी तुझ्या विधेयकाविरुद्ध देणार आहे. पण तू मुख्यमंत्री, मी सभापती. हा कायदा झाला तर पहिली जाणार ती माझीच खुर्ची. म्हणजे बहिणीने स्वतःला वाचवलं, असं गाव म्हणणार, आणि चूक म्हणणार नाही. म्हणून मत नोंदवलं की त्याच बैठकीत मी राजीनामा देईन. तो लिहून तयार आहे, समजूत घालायला येऊ नकोस. माझा हात वर गेला की तुझा चेहरा पडेल. सगळे माझ्याकडे बघत असतील, तुझ्याकडे बघणारी मी एकटीच. ते मला झेपणार नाही रे. म्हणून आजच कळवतेय. जे काय वाटायचं ते आज घरी वाटून घे, आणि परवा ताठ मानेने बस.

तुझीच,
परवा दुपारपर्यंत माननीय, पुढे नुसती ताई