थोरल्या मामांच्या खडकावरचा तवंग

फानुमोर, ट्रुक
१७ जानेवारी १९८८

चि. नेरिता हिस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू ग्वामहून पाठवलेलं मलम पोचलं. सान्फिओ मामांनी डबीचा वास घेतला, नाक मुरडलं, आणि मग दोन दिवसांत अर्धी डबी गुडघ्याला चोळून संपवली, असं मामी सांगत होती. मलमाबद्दल चांगला शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघालेला नाही. तू हॉटेलच्या भांड्यांत हात घालून पैसे मिळवतेस आणि मामांचा गुडघा आठवतेस, याचं आईला फार कौतुक.

आता इथलं ऐक. थोरले मामा वारल्यापासून रीतीप्रमाणे आपल्या घराचा मासेमारीचा खडक बंद आहे. सान्फिओ मामांनी स्वतः पाण्यात उतरून फांद्या बांधलेले खांब रोवले, तेव्हापासून तिकडे कुणाची होडी फिरकलेली नाही. ईस्टर झाला की खांब काढायचे आणि पहिल्या जाळ्यातली मासळी सगळ्या बेटाला जेवू घालायची. घराचं मोठेपण अंगावर आल्यापासून मामांचं हे पहिलंच कार्य. त्यामुळे ते सध्या तापलेल्या दगडासारखे आहेत, जवळ जाल तर चटका.

त्यातच वादळानंतर धक्क्यापाशी पाण्यावर तेलाचा तवंग येऊ लागला. सकाळी बघावं तर इंद्रधनुष्याचे रंग, आणि पोरं पोहून आली की घोटे काळे. परवा शिजवलेल्या माशाला रॉकेलसारखा वास आला, तो मांजरानेही खाल्ला नाही. धक्क्याला बोट कुणाची बांधलेली असते? तुझ्या भाऊजींची. मग काय, मामांना चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर म्हणाले की घरजावयाला बायकोची जमीन राहायला दिली, तर तो बायकोच्या मामांच्या समुद्रातच घाण करतो. ईस्टरच्या आत हे थांबलं नाही तर बोट बेटाला लागू द्यायची नाही, आणि काचुओने आपल्या आईच्या बेटावर चालतं व्हावं. माझ्यासकट की माझ्याविना, ते मामांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काचुओ सभेत मान खाली घालून बसला होता. घरी आल्यावर जेवला नाही.

तू बंदराच्या गावात राहतेस, तिथे अशा गोष्टी माहीत असलेलं कुणी असेल तर विचारून बघ. मला माझा नवरा इथे हवा आहे. लोभ आहे तो आहेच, पण या खेपेस त्याच्याबरोबर थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
मेसाकोताई

---

ग्वाम
९ फेब्रुवारी १९८८

सौ. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून पातेलं करपवलं आणि बोलणी खाल्ली. हे पत्र मोएन बेटावरून पुढे भाऊजींच्याच बोटीने येणार, तेव्हा त्यांनी ते वाटेत फोडून वाचू नये अशी विनंती आहे. पुढे त्यांच्याबद्दल लिहिलं आहे.

माझ्या घरमालकीणबाई डोलोरेस यांचा नवरा बिसेंते बंदरात पाण्यावरचं तेल काढायच्या कामावर आहे. त्याला विचारलं तर तो आधी पोट धरून हसला. म्हणाला, जो येतो तो विचारतो की हे कुणी केलं. मी विचारतो की हे सुरू कुठून होतं. बोटीचं डिझेल असेल तर ते पातळ असतं, झर्रकन पसरतं, वास नाकात जातो आणि ऊन चढेपर्यंत बरंचसं उडून जातं. जुन्या मोठ्या जहाजाचं तेल जाड, काळपट. जहाज बुडून कित्येक वर्षं झाली तरी ते एकाच जागेवरून थेंबाथेंबाने वर येत राहतं. कुठे कुठे म्हणे समुद्राच्या तळालाच भेगा असतात, तिथून जमिनीतलं तेल कुणी न सांडताच झिरपतं. आणि कधी कधी तर तेल नसतंच. मोठे मासे लहान माशांच्या थव्यावर तुटून पडले की त्यांच्या चरबीनेसुद्धा पाणी गुळगुळीत होतं, पण मग वर पक्षी घिरट्या घालतात. प्रवाळ अंडी सोडतं तेव्हाचा लालसर थर तर आपण लहानपणापासून बघतोच. ग्वामला नवीन आलेले लोक तो बघून बंदरात धावत येतात, आणि बिसेंतेला तेवढीच करमणूक.

आता रागावू नकोस. भाऊजींनी बोटीच्या पोटातलं तेलकट पाणी धक्क्यापाशीच उपसलं नाही ना? विचारलं नसतं तर मला झोप लागली नसती.

आईला नमस्कार. मामांना सांग, दुसरी डबी घेतली आहे, पण त्यांची वागणूक बघून पाठवीन. तुझा लोभ आहे म्हणून इतकं धाडस.

तुझी,
नेरिता

---

फानुमोर
२१ फेब्रुवारी १९८८

चि. नेरितास आशीर्वाद. वि. वि.

रागावले होते. मग राग गेला, कारण तोच प्रश्न मीही त्याला विचारला होता. काचुओ उठला. मला बोटीवर घेऊन गेला आणि मागच्या बाजूचं पिंप दाखवलं. इंजिनाखालचं सगळं काळं पाणी तो त्यात भरतो आणि मोएनला नेऊन देतो. मग म्हणाला, माझ्याही आईचा समुद्र आहे. मला माझीच लाज वाटली.

तुझ्या बिसेंतेने सांगितलेलं एकेक करून ताडून पाहिलं. वर पक्षी नाहीत, आणि प्रवाळाचा थर आपल्याला वासावरून डोळे मिटून ओळखता येतो, तो हा नव्हे. तळ झिरपतो असं आजीच्या तोंडूनही कधी ऐकलं नाही. मग गेल्या आठवड्यात इंजिन बिघडून बोट मोएनलाच अडकली होती, तरी इथे रोज सकाळी तवंग हजर. मी धावत जाऊन मामांना सांगितलं. ते म्हणाले, आधीचं सांडलेलंच भरती-ओहोटीबरोबर फिरतंय. पडलो तरी नाक वर, दुसरं काय.

आता खरी गोष्ट. काल नारळ खवताना आईने हळूच सांगितलं की पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावरून येताना तिने लांबून पाहिलं. मामांच्या खांबांच्या आत एक काळा मणी वर आला आणि पाण्यावर फुटून पसरला. थोड्या वेळाने त्याच जागी दुसरा. तिथे लढाईतलं ते जपानी जहाज आहे. ते जळत बुडालं तेव्हा आई लहान होती, आणि आत माणसं होती हे ती अजून विसरलेली नाही. त्याच्याच कुशीला थोरले मामा ऑक्टोपस धरायचे. वादळाने ते हललं असणार. तेल तिथून निघतं आणि प्रवाहाबरोबर धक्क्याला येऊन लागतं. खडक बंद, म्हणून तिकडे बघायला कुणी जात नाही, आणि धक्क्याला बोट दिसते.

मी म्हटलं, मग मामांना सांग. आईने हातातला नारळ खाली ठेवला. भाऊ बसला असेल तर आपलं डोकं त्याच्या डोक्याहून वर जाऊ नये म्हणून ज्या बाईने जन्मभर त्याच्यासमोरून कमरेत वाकून जायचं, तिने चारचौघांत त्याला खोटं पाडायचं? आणि दुसरंही आहे. हे खरं ठरलं तर खडक उघडायचाच नाही. थोरल्या मामांच्या नावाचं जेवण नाही, आणि मासळी कोण जाणे किती वर्षं नाही. आईच्या एका हाताला जावई आहे, दुसऱ्या हाताला भाऊ.

ईस्टर जवळ येतो आहे. काचुओने आपले कपडे एका पेटीत भरून ठेवलेत. मी ते रोज बाहेर काढते, तो परत भरतो. तुझी माया अशीच राहू दे, आम्हाला सध्या तिची गरज आहे.

मेसाकोताई

---

ग्वाम
७ मार्च १९८८

सौ. ताईस सा. न. वि. वि.

आधी रागाने दोन पानं लिहिली होती, आईने तोंड उघडलंच पाहिजे वगैरे. ती फाडली. भांडी घासताना आठवलं की आईने आपल्याला तरी तोंडाने कधी काय शिकवलं? ऑक्टोपस कुठे लपतो हे तिने सांगितलं नाही. होडीत बसवलं, खोबरं चावून पाण्यावर थुंकली, त्याच्या तेलाने पाणी आरशासारखं झालं, आणि आपली डोकी धरून खाली वाकवली. बघा, एवढंच म्हणाली. तू बघितलंस. मी घाबरून रडले, आणि मला पाठीत धपाटा बसला.

हे तिला वाचून दाखव. आणखी मला काही सुचत नाही. भाऊजींना सांग, पेटी भरायचीच असेल तर ग्वामला या, इथे भांडी घासायला माणूस कमी आहे. आणि मामांना मलमाची डबी सोबत पाठवते आहे, वागणूक सुधारली नसली तरी. गुडघ्याचा काय दोष?

तुमच्या सगळ्यांच्या मायेची भुकेली,
नेरिता

---

फानुमोर
२९ मार्च १९८८

चि. नेरिता हिस अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. धपाट्यापाशी ती हसली, आणि मला म्हणाली की एक जून नारळ काढून ठेव.

तिने मामीकरवी निरोप धाडला की ईस्टरआधी एकदा थोरल्याच्या खडकापाशी जाऊन रडून यावं असं वाटतं. ज्याने खांब रोवले त्याच्याशिवाय आत कुणी जाऊ शकत नाही, त्यामुळे मामांना यावंच लागलं. उलांडीच्या होडीत मामा पुढे उंच बसले, आई तळाशी अंग चोरून, आणि वल्हं माझ्याकडे. वारा होता. पाण्यावर नुसत्या सुरकुत्या, खालचं काही दिसेना. खांबांच्या आत शिरल्यावर आईने टोपलीतून खोबरं काढलं, चावलं, आणि कडेवरून वाकून मामांच्या बाजूला थुंकली. पाणी शांत झालं.

मामांनी सवयीने खाली पाहिलं. कोळ्याचा जन्म, पाणी उघडलं की तो बघणारच. खाली जहाज कुशीवर कलंडलेलं. कड फाटलेली, नवी. तिथून एक काळा थेंब सुटला, डुलत डुलत वर आला आणि मामांच्या डोळ्यांसमोर फुटून पसरला. आई पुन्हा थुंकली. पुन्हा थेंब आला. मामांनी तो बोटावर घेतला, चोळला, वास घेतला. मी आईकडे पाहिलं तर ती मोएनच्या डोंगराकडे बघत होती, जणू या होडीत चाललेल्या कशाशीच तिचा संबंध नाही. एक शब्द बोलली नाही, नेरिता. भावाचा मान कणभर कमी केला नाही, आणि सगळं सांगून मोकळी झाली. माझ्या आईसारखी बाई मी पाहिलेली नाही.

मामांनी हात मांडीला पुसला. मग रडले, थोरल्या मामांचं नाव घेऊन. आईही रडली. म्हणजे ती खोटं बोलून आली होती असंही म्हणता येणार नाही. परतताना मामांनी मला एवढंच विचारलं की काचुओचं इंजिन नीट झालं का.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी सभा भरली. मामा नेहमी चटईवर बसतात आणि आपण बायका वाकून मागे जातो, तुला माहीतच आहे. या खेपेला ते सभाघराच्या दगडी पायऱ्या चढून सगळ्यात वर उभे राहिले. म्हणाले की तवंग माझ्याच घराच्या खडकातून येतो आणि आळ मी दुसऱ्याच्या बोटीवर घेतला. खांब निघणार नाहीत, उलट आणखी लांबवर नवे लागतील. ते नेण्याएवढी मोठी बोट बेटावर एकच आहे, तेव्हा काचुओने कुठे जायचं नाही. मोएनच्या कचेरीत कळवायलाही मामा त्याच बोटीने जाणार. थोरल्याचं जेवण होईल, डब्यातल्या माशांचं होईल, आणि ज्याला डब्यातला मासा चालत नसेल त्याने घरी जेवावं. लोक हसले. मामा हसले नाहीत. त्यांचा खडक गेला होता.

मला वाटलं, झालं. पण मामा वरून उतरेनात. इतका वेळ उभे राहून त्यांचा पाय थरथरत होता, एकाने पुढे केलेली खुर्चीही त्यांनी हाताने बाजूला सारली. मग त्यांनी आईला नाव घेऊन पुढे बोलावलं, आणि म्हणाले की हे आधी हिने पाहिलं. आई सवयीने कमरेत वाकून आली. मामांनी नुसता हात वर केला. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की म्हातारा इतका वेळ त्या पायऱ्यांवर का उभा आहे. तो वर उभा असेपर्यंत तिला वाकायची गरज नव्हती.

आई सावकाश सरळ झाली, सगळ्या बेटासमोर. ती एवढी उंच आहे हे मला ठाऊकच नव्हतं गं.

काचुओची पेटी मी रिकामी करून त्यात कोंबडी बसवली आहे. मामांचा गुडघा सुजून नारळाएवढा झालाय, आणि मलमाबद्दल ते अजूनही चांगलं बोलत नाहीत. दोन डब्या पाठव. लोभ तर इतका आहे की तो बोटीत मावायचा नाही, तेव्हा सुट्टी काढून स्वतःच न्यायला ये.

तुझी,
मेसाकोताई