धण्यांची कुंडी

१४ जून, गुरुवार

ती. वन्संना नमस्कार.

आम्ही ठीक आहोत. गुडघ्याला तेल चोळता ना? तुमचा भाऊ रोज विचारतो, जसं काही चोळायला मीच येणार आहे.

यांची बाग जोरात आहे. शेपू, ओवा, तुळस, सगळं बियांपासून. तापात वास येणं बंद झाल्यावर घरी बसलेल्या आचाऱ्याने करायचं तरी काय? डॉक्टर म्हणाले होते, उग्र वासाची पानं रोज हुंगत जा, वास कधी परत येतो, कधी नाही. यांनी फक्त पहिलं ऐकलं. बाजारची जुडीसुद्धा चालेना. "मी रुजवलेलं माझं नाक ओळखेल," म्हणाले.

धणे मात्र घरच्या बरणीतले पेरले, लाटण्याने हलके रगडून, दोन फाका करून. दुसऱ्या दिवशी बरणी उघडली तेव्हा मला आठवलं, कीड लागू नये म्हणून ते धणे मी भाजून ठेवले होते; ते कुठले उगवायला! वन्सं, हा माणूस दारातूनच सांगायचा, मसाला जरा जास्त भाजलाय. मला रडू आलं. सांगायला गेले तर हे तान्ह्याला न्हाऊ घालावं तसे कुंडीवर पाणी शिंपडत होते. तशीच मागे फिरले. चांगले धणे गुपचूप पेरावेत, तर हे तिथून हलतील तर ना!

मग काहीतरी उगवलं. गाजरगवत. माती बांधकामावरून आणलेली होती. कातरलेली कोवळी पानं, मनात आणलं तर कोथिंबीरच. यांनी मनात आणलं.

काल सकाळी एक पान चुरगळलं, हुंगलं, आणि यांचे डोळे भरून आले. "आला गं. वास आला." बोटं माझ्या नाकाशी धरली. "आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

लगेच हॉटेलच्या मालकांना फोन. त्यांनी जागा महिनाअखेरपर्यंतच राखली होती. आता सोमवारपासून हे कामावर. तिथे मोठ्या शेगड्या, गॅस, उकळतं तेल. परवा घरी दूध करपलं, वास जिन्यापर्यंत गेला, आणि हे ओट्याशीच उभे राहून शेपू खुडत होते.

सांगितलं तर माणूस मोडेल. नाही सांगितलं तर काय होईल, ते लिहवत नाही. यांना खरंच काही जाणवलं की नुसती आस होती, तेही मला कळत नाही. विचारायचा धीर होत नाही.

हे ऐकतात ते तुमचंच. रविवारी या. आल्या आल्या तुम्हालाही कुंडीपाशी नेतील, पान चुरगळतील, बोटं तुमच्या नाकाशी धरून तोंडाकडे बघत राहतील. तेव्हा तुम्ही काय म्हणाल, वन्सं? मला तर दुसरं काही म्हणता आलं नाही.

तुमच्या भावाला जपता न येणारी,
तुमची भावजय