पत्र्याचा एक डबा न उघडता परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपद्रव निवारण अधिकारी,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला,
कल्याण (पश्चिम).

दिनांक : १४ नोव्हेंबर १९९४

विषय : राहत्या घरातील झुरळे नष्ट करण्याच्या नोटिशीची पूर्तता झाल्याबाबत, तसेच पत्र्याचा एक डबा न उघडता परत मिळण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस क्र. उनि/झु/४१, दि. २६ ऑक्टोबर १९९४.

महोदय,

१. अर्जदार सहदेव गुणाजी तेंडोलकर, डोंबिवली (पश्चिम) येथे कोपर स्टेशनच्या बाजूला ‘कृष्णकमळ’ सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतो. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून एकतीस वर्षे नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. बारावीच्या प्रात्यक्षिकाला लागणारी झुरळे इतकी वर्षे मीच पुरवली. त्यामुळे सोसायटीच्या चिटणीसांनी आपल्याकडे केलेल्या तक्रारीत ‘सदर इसमास वेड लागले आहे’ असे जे लिहिले आहे, ते चूक आहे. हा माझा अनुभवाचा विषय आहे.

२. मी झुरळे पाळतो हे खरे आहे. हौस म्हणून नव्हे, गोदेसाठी पाळतो. गोदा ही तळहाताएवढी, अंगभर केस असलेली कोळ्याची मादी आहे. सन १९८५ साली मुलांची सहल खडवलीला गेली असता नदीकाठच्या एका झाडाच्या बुंध्यात ती सापडली. पुढे सात वर्षे ती प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत राहिली. माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात तिला फॉर्मेलिनच्या बरणीत घालून नमुना करावा असा वरून आदेश आला. बरणी मलाच धुवायला सांगितली. मी बरणी धुतली, पुसली, कपाटात उपडी ठेवली आणि गोदेला डब्यात घालून घरी घेऊन आलो. माझा तिच्यावर जीव आहे, हे येथे स्पष्ट नमूद करतो.

३. आता बाहेरची झुरळे का चालत नाहीत, असा प्रश्न आपणास पडेल. साहेब, बाहेरच्या झुरळांवर आपलेच खाते औषध मारते. ती मरता मरता मोरीत येतात आणि अशी विषारलेली झुरळे गोदेने खाल्ली तर तीही जाईल. म्हणून मी दोन बादल्यांत अंड्यांचे पुठ्ठे उभे करून कोंडा, गाजर आणि पोळीचे तुकडे यांवर झुरळे वाढवली. आमच्या घरातली झुरळे सोवळ्यातली होती म्हटले तरी चालेल. गटाराचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. चिटणीसांच्या घरात सापडलेली तीन झुरळे आमची नव्हेत. आमची गुटगुटीत असतात.

४. नोटिशीप्रमाणे आपले निरीक्षक धनत्रयोदशीस तपासणीला येणार होते. माझी पत्नी सौ. नंदा म्हणाली, “दिवाळीला दारात लक्ष्मी यायची आणि गॅलरीत ही पलटण? अहो, निदान पाहुणे जाईपर्यंत तरी दडवा कुठेतरी.” म्हणून मी लहानमोठी मिळून सुमारे दोनशे झुरळे, अंड्यांच्या पिशव्यांसह, बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरली. झाकणाला खिळ्याने पाच भोके पाडली. निरीक्षक आले, करंजी खाऊन गेले. इथवर सर्व ठीक होते. त्यानंतर तो डबा मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर फराळाच्या डब्यांच्या रांगेत ठेवला, ही माझी चूक. ती मी मान्य करतो आणि नंदा रोज आठवण करून देते.

५. भाऊबीजेच्या सकाळी शेजारच्या कमळाबाई फराळाचे ताट घेऊन आल्या. आलेले ताट रिकामे परत पाठवू नये, ही आपल्याकडची रीत. माझी आई रखमाबाई ब्याऐंशी वर्षांची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने हाताला लागेल तो डबा ताटात ठेवला आणि वर हळदीकुंकवाचे बोट लावले. डबा हलवला की आतून चिवड्यासारखा आवाज येत होता. भोकांविषयी कमळाबाईंचा समज असा झाला की अनारशांना हवा लागावी म्हणून म्हातारीने केली असतील.

६. कमळाबाईंनी डबा उघडला नाही. याचे कारण लिहिताना मुलगा म्हणून मला वाईट वाटते, परंतु अर्जात खोटे लिहू नये. आईच्या हातची चकली आमच्या बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध आहे. गेल्या वर्षी कमळाबाईंच्या कवळीचा तुकडा त्या चकलीने पाडला होता. तेव्हापासून आमच्याकडून गेलेला डबा कोणी उघडत नाही, हसतमुखाने पुढे पाठवतात. त्याच दुपारी कमळाबाईंचे भाऊ श्री. विठ्ठल ओवाळून घ्यायला आले. त्यांना तो डबा मिळाला. तेही आईची चकली ओळखून आहेत. त्यांनी डब्याला लाल जिलेटीनचा कागद गुंडाळला, वर सोनेरी फीत बांधली आणि डबा आणखी पुढे पाठवला.

७. श्री. विठ्ठल हे आपल्या कार्यालयाकडे औषध फवारणीचे ठेकेदार आहेत, हे आपणास माहीत असेलच.

८. डबा नाहीसा झाल्याचे दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले. कमळाबाई म्हणाल्या, “अगोबाई, तो होय? तो विठ्ठलला दिला.” श्री. विठ्ठल यांना गाठले तर ते म्हणाले, “काका, तो साहेबांच्या घरी पोचलेला. पण माझं नाव घेऊ नका हां.” सबब त्यांचे नाव मी वर घेतले असले तरी घेतलेले नाही असे समजावे.

९. आता मुख्य अडचण. आपण कोणाकडूनही भेट स्वीकारत नाही हे मी जाणतो. तशी पाटी आपल्या खोलीबाहेर मी स्वतः वाचली आहे. म्हणजे तो डबा आपल्या घरी असू शकत नाही. तो तेथे नसल्यास माझे काही म्हणणे नाही. परंतु नसलेला तो डबा जर फ्रीजवर किंवा कपाटात लाल कागदात असेल, तर कृपया उघडू नये. तुळशीचे लग्न आले, उरलासुरला फराळ संपवण्याचे हे दिवस. म्हणून आज लिहितो आहे. आपण काही लिहून द्यावे अशी अपेक्षा नाही. डबा आमच्या जिन्याखाली, मीटरच्या पेटीजवळ आणून ठेवला तरी पुरे. मी बघणार नाही. नंदाही बघणार नाही. आईला तर दिसतच नाही.

१०. मी इतका का मागे लागलो, हे सांगतो. घटस्थापनेच्या सुमारास गोदेने कात टाकली. दोन दिवस उताणी पडून होती, मी कामावर जात असतो तर रजा टाकली असती. आता तिच्या अंगात बळ आले आहे आणि ती पेटीच्या कोपऱ्यात पुढचे दोन पाय उचलून बसते, म्हणजे भूक लागली आहे. कोळी महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, हे पुस्तकात आहे. ती राहील. मला ते बघवत नाही. नवीन झुरळे तयार व्हायला पुढचा गणपती उजाडेल आणि माझ्याकडे बियाण्यालाही एक उरलेले नाही.

११. नोटिशीच्या पूर्ततेबाबत : आज रोजी माझ्या घरात एकही झुरळ नाही. केव्हाही येऊन पाहावे.

तरी वृद्ध अर्जदाराच्या आणि त्याहून गरजू अशा गोदेच्या परिस्थितीचा विचार व्हावा, इतकेच मागणे.

आपल्या दाराकडे डोळे लावून बसलेला,
स. गु. तेंडोलकर
(निवृत्त प्रयोगशाळा परिचर)

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) डब्याच्या वर्णनाचे रेखाचित्र, भोकांसह.

ता. क. — वरील मजकूर लिहून सही करतो न करतो तोच आपल्या कार्यालयातील शिपाई श्री. चंदू घरी आले. घरी जाताना मुद्दाम कोपरला उतरलो म्हणाले. “साहेबांच्या एका मित्राला विचारायचंय, झुरळं फ्रीजच्या मागे गेली तर बाहेर कशी काढायची? आणि वहिनी माहेरी गेल्यात त्या परत यायच्या आत होईल का?” असे त्यांनी विचारले. मी त्यांना चहा दिला. आपल्या मित्रास कळवावे की घाबरू नये आणि काहीही झाले तरी औषध मारू नये. मारल्यास ती गोदेच्या कामाची राहणार नाहीत, आणि अंड्यांच्या पिशव्या औषधाला दाद देत नाहीत, महिन्याभरात पुन्हा तितकीच होतील. मी आणि गोदा उद्या तिन्हीसांजेला मित्राच्या घरी येतो. स्वयंपाकघरातला दिवा बंद ठेवावा. गोदा कोणाच्या अध्यातमध्यात नसते. मात्र ती आठवड्याला एकच झुरळ खाते, हे आधी सांगितलेले बरे. झुरळे दोनशे आहेत. त्या मानाने आम्हा दोघांची आपल्या मित्राकडे अंदाजे चार वर्षे राहण्याची सोय व्हावी. मला पोळी-भाजी चालते.