दुसऱ्या खाटेवरचं लेकरू

लातूर, ६ जुलै २०२५

ती. दादास,
स. जयभीम वि. वि.

प्रिया इथे रुळली. पहिले आठ दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. आता भाकरी मागून घेते आणि सायकलवरून माझ्याआधी शाळेत पोचते. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हटलं तर अर्धं तुमच्या जंगलात हरवतं, अर्धं फाटकावरून जाणाऱ्या गाडीत. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

यंदा मी शाळेत एक कृतिसंशोधन हाती घेतलंय. नाव जड आहे, काम साधं. सातवीच्या मुलांना गुणाकार-भागाकार येतो, पण तेच गणित वाक्यांत आलं की विचारतात, बाई, यात बेरीज करायची का वजाबाकी. वाचतात सगळं, पण काय घडतंय ते डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून अ तुकडीत गणित सोडवण्याआधी एकाने उठायचं, पुस्तक मिटायचं आणि ते गणित आपल्या घरच्या बोलीत वर्गाला सांगायचं. ब तुकडीलाही मीच शिकवते, पण तिथे नेहमीसारखं. दिवाळीआधी दोन्ही तुकड्यांची एकच परीक्षा घेऊन फरक पडतो का ते बघायचं. आमचे मुख्याध्यापक मन्मथ सर म्हणाले, नीट झालं तर अहवाल जिल्ह्याला पाठवू. मला फार हुरूप आलाय.

प्रिया ब तुकडीत आहे. तुकड्या जूनमध्येच पडल्या होत्या. वहिनींना म्हणावं, तिची काळजी नको. इथे एक आत्या आहे आणि तीच शाळेतली बाईसुद्धा. दोन्हींचा जाच तिला पुरेसा आहे.

माया आहे तशीच राहू द्यावी.
तुझी,
विशाखा


किनवट, १० ऑगस्ट २०२५

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

इकडं सगळे खुशाल. पाऊस लई झाला, रुळावर माती येऊन राहिली, म्हणून फाटकावर माझी ड्यूटी वाढली.

मुद्द्याचं लिहितो, राग धरू नको. प्रियाचं पत्र आलं. भिंतीपलीकडं अ तुकडीतली पोरं उठून गणित सांगतात, हसतात, अन् आमच्या तासाला आम्ही नुसतं फळ्यावरचं उतरवून घेतो, असं तिनं लिहिलं. घरी तिनं तुला म्हटलं की आत्या, मला बी तसं शिकव, तर तू म्हणालीस, आत्ता नको, दिवाळीनंतर. हे खरं हाय का?

मी शाळेतला माणूस न्हाई. पण एवढं समजतं की औषध लागू पडतं का बघायला दोन रोग्यांतल्या एकालाच ते द्यायचं, असं तुझं चाललंय. बघणारीला ठीक असेल. ज्याचं लेकरू दुसऱ्या खाटेवर हाय, त्यानं काय करावं? नुसतं राहायचंच असतं तर होस्टेल किनवटलाही होतं. तुझ्या भरवशावर पोरगी एवढ्या लांब धाडली. तिला अ तुकडीत टाक, न्हाईतर दिवाळीच्या सुट्टीत आली की मी इकडंच ठेवून घेतो.

तुझी वहिनी म्हणत होती, असं लिहू नका. तरी लिहिलं. तब्येतीला जप.

तुझा दादा,
संघपाल


लातूर, २८ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
स. जयभीम वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचून आधी रागच आला होता.

हो, प्रियाने लिहिलं ते खरं आहे. तिला घरी शिकवलं असतं तर ब तुकडीचे मार्क खरे राहिले नसते. आणि तिला एकटीला अ तुकडीत नेणं मला पटेना, कारण तिच्या वर्गातल्या बाकीच्या लेकरांना आत्या नाही. पण तुझी ती दुसरी खाट डोक्यातून जाईना. ऑगस्टअखेर मी मधली चाचणी घेतली. अ तुकडी चांगलीच पुढे होती. मन्मथ सरांचं म्हणणं, दिवाळीपर्यंत असंच चालू द्या, फरक आणखी ठळक दिसेल. मला वाटलं, उपयोग होतो हे कळल्यावरही अडवून ठेवायचं, तर ते कुणासाठी? दुसऱ्या दिवशी ब तुकडीतही सुरू केलं. तुलना गेली म्हणून सर नाराज झाले.

आता पुढचं वाचताना शांत राहा. पहिल्याच तासाला प्रिया उठली. गणित भाजीवालीचं होतं. म्हातारी मेथी इकून राहिली, एवढंच ती म्हणाली आणि वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणी तिचीच नक्कल केली. ती खाली बसली. तेव्हापासून तिने वर्गात तोंड उघडलेलं नाही, मराठीच्या तासालाही नाही. घरीसुद्धा माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलते. पुढच्या चाचणीत तिचे मार्क आधीपेक्षा कमी आले.

मग मी अ तुकडीचे पेपर पुन्हा काढले. सरासरी वाढली म्हणून मी खूश होते, एकेका मुलाकडे बघितलंच नव्हतं. तिथेही काहीजण मागे गेले होते. कुणी तांड्यावरचा, कुणी देगलूरकडचा. सगळी अशी, ज्यांची बोली वर्गाच्या कानाला वेगळी लागते. तू ज्यासाठी माझ्याशी भांडलास, त्यानेच तिला दुखवलं. बोला म्हणणारी मी होते, आणि हसणाऱ्यांचा विचार मी केला नव्हता.

आता उभं राहून सांगणं बंद केलंय. ज्याला जो जवळचा वाटतो त्याच्याजवळ बसून हळूच सांगायचं. आणि रोज पहिलं गणित मी सांगते, आपल्या किनवटच्या बोलीत. पोरं मलाही हसली. मी हसू दिलं आणि गणित पुरं केलं. आठवड्याने उदगीरची शिवगंगा आपणहून प्रियाजवळ येऊन बसली. तिच्या घरी कानडी बोलतात. दोघींची कुजबुज चालते. काय बोलतात ते ऐकायला मी जात नाही.

प्रियाचे मार्क अजून हललेले नाहीत. हे सारं मी अहवालात लिहिलंय. मागे गेलेल्या मुलांचा शेवटचा भाग गाळलात तर अहवाल पुढे पाठवतो, असं सर म्हणाले. मी गाळणार नाही.

हे तिला सुट्टीत सोडायला येतील. तिला ठेवून घ्यायचं की पाठवायचं, ते तू ठरव. फक्त एकदा तिला विचार.

रागावलास तरी पत्र लिहीत जा.
तुझी,
विशाखा


किनवट, ३० ऑक्टोबर २०२५

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

आनंदराज पाहुणे प्रियाला नीट सोडून गेले. सरांनी तुझा अहवाल पुढं धाडलाच न्हाई, हे त्यांनी सांगितलं. वाईट वाटलं.

पोरगी पहिले दोन दिवस घरात परक्यावानी. तिची आई चुलीपाशी म्हणाली, भात शिजून राहिला, तर ही म्हणते, आई, शिजत आहे म्हणावं. तुझी वहिनी मग पोरीसमोर गप्पच वावरू लागली, नुसतं हो न्हाई करायची. मला ते फार लागलं. मनात पक्कं केलं, आता धाडायची न्हाई.

तिसऱ्या दिवशी प्रिया गणिताचं पुस्तक घेऊन आईपाशी बसली. टाकीतल्या पाण्याचं गणित होतं. आधी पुस्तकातल्या भाषेत सांगितलं. वहिनीला काही समजलं न्हाई. पुन्हा तसंच सांगितलं. पुन्हा न्हाई. मग पोरगी थांबली, आईकडं बघितलं अन् आपल्या बोलीत सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली, पण त्या टाकीची तोटी उघडी ठेवली कुणी? दोघी हसत सुटल्या. त्यातच प्रियानं सांगितलं की आत्या बी साऱ्या वर्गापुढं आपल्यासारखंच बोलते. वहिनीला खरं वाटेना. लातूरच्या शाळेत, फळ्यापाशी उभी राहून? तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. त्या दिवसापासून घरात बोलणं सुरू झालं. गणित सुटलं का ते मी विचारलं न्हाई.

काल तिला विचारलं, जायचं का. म्हणाली, जाते, पण मला अ तुकडीत टाकू नका म्हणावं, शिवगंगा ब तुकडीतच हाय.

सुट्टी संपली की मीच तिला घेऊन येतो. वहिनी बी येणार हाय. ती कधी लातूरला आली न्हाई, ठाऊक हाय तुला. तिला मागच्या बाकावर एक तास बसू दे. तुझ्या तोंडून एक गणित ऐकायचंय, म्हणते.

घरच्यांना जयभीम सांग. आमच्यावर जीव असू दे.

तुझा दादा,
संघपाल