कुंकू लागलेली मेमरी

बाबा, आज गोहलपुरला जाऊन मदरबोर्ड निवडून आणला. दुकानदाराने प्रोसेसर कोणता ते विचारलं, कॉम्प्युटरची बाहेरची पेटी केवढी हवी ते विचारलं, आणि मी आपली एकच गोष्ट धरून बसले: हा बोर्ड मेमरी किती वेगाने चालू देतो? तो हसला. "दीदी, लोग तो पहले लाइट वाली पेटी देखते हैं." मी डब्यावरची बारीक अक्षरं तीनदा वाचली. आता डबा टेबलावर आहे, दुपारचं ऊन त्याच्यावरून सरकतंय, आणि हे तुम्हाला सांगावंसं वाटतंय. एवढी शहाणी मी तुमच्यामुळे झाले, पण तुम्हाला फसवून झाले.

मदन महलच्या घरात खिडकीपाशी तुमचा कॉम्प्युटर. सिविल लाइंसच्या ऑफिसात जन्मभर नकाशे काढून तुम्ही रिटायर झालात आणि माउस हातात धरून एकच नकाशा काढायला घेतलात, आपल्या जुन्या सरकारी क्वार्टरचा. क्वार्टर कधीच पाडलं होतं, आईला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. तुमच्या डोळ्यांत काचबिंदू वाढत होता. "दिसून राहिलं तोवर तिचं स्वयंपाकघर पुरं करतो," म्हणायचात. एक भिंत सरकवली की स्क्रीन गोठायची. तुम्ही हात मांडीवर ठेवून बसायचात, मी शेजारी स्टुलावर. "इथं तिचा पोळपाट. इथून तिला चिंचेचं झाड दिसे." तुमचा आवाज झोपेतून आल्यासारखा, आणि माझं अर्धं लक्ष त्या गोठलेल्या स्क्रीनकडे. नजर आधी संपते की नकाशा, याचीच मला भीती.

पहिल्या पगारात मी दुकानातली सगळ्यात वेगवान मेमरी उचलली. आपला बोर्ड कोणता, हे बघायचं सुचलंसुद्धा नाही. नेमकी त्या दिवशी खंडेनवमी. तुमचा टी-स्क्वेअर, कंपास, पांढरा रबर पाटावर मांडलेले. तुम्ही मेमरीची पट्टी पाकिटातून काढून तीही मांडली आणि तिच्या सोनेरी दातांवर हळदकुंकू वाहिलं. "आज अवजाराला हात नाही लावायचा." दुसऱ्या दिवशी तुमच्याच रबराने दात पुसून मी पट्टी बसवली. चालली, पण जुन्याच चालीने. आपला बोर्ड तिला त्याहून वेगाने चालू देतच नव्हता. बदलून घ्यायला धावले, तर दुकानदाराने कुंकवाचा डाग बघून हात जोडले. "पूजा हो गई, दीदी. अब वापस कैसे लूँ?"

घरी आल्यावर पट्टी गुपचूप परत बसवली. "काहून गं, बोलत नाही? कसं चालून राहिलं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "दुप्पट वेगाने, बाबा." तुम्ही भिंत सरकवली. स्क्रीन गोठली. हात मांडीवर ठेवून तुम्ही बसून राहिलात, आणि बऱ्याच वेळाने म्हणालात, "हो. फरक पडला." मला सुटल्यासारखं वाटलं, त्याची अजून लाज वाटते. खरं सांगितलं असतं तर बोर्डच बदलून टाकला असता आपण. पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला रेषा दिसेनाशा झाल्या. स्वयंपाकघराची चौथी भिंत राहिली ती राहिलीच.

आता संध्याकाळ झाली आहे. नवा बोर्ड, नवी मेमरी, सगळं जोडून झालं. जुनी पट्टी यात बसत नाही, तिची खाच वेगळी. तिच्या एका कोपऱ्यात अजून लाल आहे. तुमच्या रबराशेजारी ठेवली आहे तिला. मग तुमची फाइल उघडली. स्टूल ओढून घेईपर्यंत अख्खं क्वार्टर समोर आलेलं होतं. ओटा, खिडकी, खिडकीबाहेर चिंचेसाठी काढलेला छोटा गोल. थांबायला काही उरलंच नव्हतं, आणि तुमचं सगळं बोलणं तर त्या थांबण्यातच व्हायचं.

तुम्ही आता नाही, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. म्हणून कबूल करते: तेव्हा काहीही फरक पडला नव्हता, बाबा, आणि ते तुम्हालाही माहीत होतं. चौथी भिंत काढायला आता मिनिटभर पुरे. मी ती काढली नाही. हात मांडीवर ठेवले आणि स्क्रीन गोठलीय असं समजून स्टुलावर बसून राहिले.