साठच्या पुढची थरथर

प्रिय नाना,

थरथर सापडली! आता ही बातमी सांगू कुणाला? आईला सांगायला गेले तर म्हणाली, "मेली ती गाडी! आधी हात धू, मग घरात ये." हात धुतले, आणि तुम्हालाच लिहायला बसले. सांडोरला जाऊन आलेय, त्याचंही सांगायचंय.

सत्त्याण्णव साल आठवतंय ना? तुमचा डावा खांदा आखडला आणि आपल्या जुन्या अँबेसेडरचा स्टिअरिंगवरचा गिअर तुम्हाला ओढवेना. मग सांडोरच्या गॅरेजवाल्या इनासकाकांनी, तुमच्या शाळेपासूनच्या दोस्तानं, नव्या मॉडेलचा गिअरबॉक्स मिळवला आणि दांडा खाली, सीटशेजारी आणून दिला. केवढे खूश होतात तुम्ही! पण पंधरा दिवसांनी गाडी हायवेला काढली आणि काटा साठच्या पुढे गेला, तर आरशातला मागचा ट्रक दोन-दोन दिसायला लागला. आईच्या मांडीवरचा डबा आपोआप वाजायचा.

तुम्ही लगेच निकाल दिलात, "इनासनं गाडीची वाट लावली!"

एवढी घाई कशाला हो केलीत, नाना? काका म्हणत होते, "अरे, एकदा खाली घुसून बघू तर दे." तुम्ही हातच लावू दिला नाहीत. तुळिंजच्या गॅरेजात नेऊन इंजिनाखालची रबरं बदललीत, टायर बदललेत. थरथर होती तिथेच! आणि दर वेळी खापर इनासकाकांवर. दूध केंद्रावर, लग्नाच्या पंगतीत, माणूस भेटायचा अवकाश. गावातल्या निम्म्या गाड्या त्यांच्याकडे जायच्या बंद झाल्या, हे तुम्हाला दिसत नव्हतं का?

काका गणपतीला यायचे थांबले. त्यांच्याकडून नाताळचं ताट यायचं थांबलं. तुम्हाला शेवटचं नेलं त्या दिवशी मात्र ते आले होते. फाटकाबाहेरच उभे राहिले. मला ते अजून टोचतं.

तुमच्यामागे आईनं गाडी भंगारात द्यायचं काढलं. मी म्हटलं, थांब, मला एकदा बघू दे. शाळेत घसा फोडून पोरांना विज्ञान शिकवते, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते लिहून ठेवा म्हणते. मग घरच्या गाडीनं काय घोडं मारलंय?

साठला थरथर सुरू झाली तशी गाडी न्यूट्रल केली. इंजिन गप्प, थरथर चालूच. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. मग साठलाच तिसऱ्या गिअरवर चालवली. इंजिन नुसतं कोकलत होतं, पण थरथर तेवढीच. म्हणजे ती गाडीच्या वेगाबरोबर येत होती. पुढची चाकं मागे केली, मागची पुढे. काडीचा फरक नाही! आता उरला गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरत जाणारा तो लांब नळा, शाफ्ट. नव्या गिअरबॉक्सच्या मापाला तो इनासकाकांनीच कापून घेतला होता. खरं सांगू? तुमचंच बरोबर निघणार, असं वाटलं, आणि मला ते नको होतं.

गाडी ठोकळ्यांवर चढवली, खडूनं खुणा करून शाफ्ट सोडवला आणि पडवीत दोन लोखंडी पट्ट्यांवर ठेवून हळूच लोटला. थोडा घरंगळला, मागे-पुढे झुलला, थांबला. पुन्हा लोटला. पुन्हा तीच बाजू खाली! दहा वेळा केलं, नाना, दहाही वेळा तीच बाजू. म्हणजे ती बाजू जड, आणि शाफ्ट वेगात फिरला की तीच गाडी हलवत होती. वाकून पाहिलं तर तिथे बोटभर जाडीचं डांबर.

डांबर! गिअरबॉक्स बसल्यावर पुढच्याच रविवारी तुम्ही अर्नाळ्याहून होड्यांना लावतात ते डांबर डबाभर आणलंत. खारं वारं पत्रा खातं, म्हणून उताणे पडून गाडीच्या पोटाला फासलंत. आणि त्या भरात शाफ्टलाही, हात पोचला त्या एकाच बाजूला. मीच तर डबा धरून बसले होते! गाडी हायवेला गेली ती त्यानंतर. तुमच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही.

सगळं खरवडलं, रॉकेलनं पुसलं, खुणेला खूण जुळवून शाफ्ट चढवला. सत्तर, नाना! आणि आरशात एकच ट्रक.

तशीच सांडोरला गेले. खरवडलेलं डांबर वर्तमानपत्रात बांधून नेलं होतं. काकांनी पुडी उघडली, वास घेतला. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता चिडतील, निदान हसतील तरी. पुडी पुन्हा नीट बांधून त्यांनी एवढंच विचारलं, "बाय, नानाला कळलं होतं का हे, जायच्या आधी?"

नव्हतं कळलं. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण मी म्हटलं, "हो काका. अगदी शेवटी कळलं. म्हणाले, मला सांडोरला ने, इनासची माफी मागायचीय. पण न्यायला जमलं नाही."

काका रडले हो, लहान मुलासारखे. मग डोळे पुसत म्हणाले, "येणार होता ना? मला वाटलंच होतं."

पाच वर्षांत तुमच्या तोंडून निघालं नाही ते मी तुमच्या नावानं बोलून आले. चिडला असाल तर खुशाल चिडा. मला वाईट वाटतं ते एवढंच, की ते खरं नव्हतं.

आता माझा शब्द घ्या. ज्याच्या ज्याच्यापाशी तुम्ही इनासकाकांना नावं ठेवलीत, त्या प्रत्येकाला मी सांगणार की चूक आमची होती. एक घर सोडणार नाही. पण तुम्हीही माझ्यासाठी एवढं कराच. काका कधीतरी, खूप वर्षांनी, तिकडे येतील आणि तुम्हाला विचारतील. मला तोंडघशी पाडू नका, नाना. हो म्हणा.

तुमचीच,
शुभा